खिडकी दहापर्यंत

आडवं: वजा दहा ते दहा.
उभं: शून्य ते दोनशे.

चौकशीच्या खोलीत पंखा गरगरत होता, हवा मात्र ढिम्म. टेबलापलीकडे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी रजिस्टर उघडून बसलेला कारकून आणि कडेला कारखान्याचा इंजिनिअर. ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर सतत खिशात म्हणून कामगार त्याला ग्राफसाहेब म्हणायचे. टेबलाच्या अलीकडे बाबा, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. आणि त्यांची मुलगी, अकरावीला गणित शिकवणारी. तिला सोबत बसू दिलं होतं, पण मध्ये बोलायचं नाही या अटीवर.

ती अट तिनं दाताखाली धरली होती.

"हे बघा सर," ग्राफसाहेबानं कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. "राळेच्या टाकीचं माझं सूत्र. आडवे तास, उभं तापमान. वरची सरळ रेघ एकशे ऐंशीची, धोक्याची. टाकीची रेघ तिला शिवतसुद्धा नाही. म्हणजे टाकी उतू गेली ती यांच्या गाफीलपणानं. जाळ कमी करायला विसरले. वय झालंय."

वय झालंय.

सत्तावीस वर्षं बाबा टाकीला पाना टेकवायचे, पान्याला कान लावायचे. दहाव्या तासाला आत कुजबुज सुरू झाली की गार पाणी सोडायचे. एकदाही उतू गेली नाही. मग या शहाण्यानं भिंतीवर सहीनिशी कागद डकवला: बारा तासांच्या आत पाणी सोडू नये. पाणी वाचतं म्हणे! बाबांनी हुकूम पाळला. हात भाजले. आता नोकरी जाणार, आणि जाताना कपाळावर गाफील असा शिक्का.

तिनं कॅल्क्युलेटर उचलला.

"बाई, हात लावू नका," ग्राफसाहेब म्हणाला.

"नुसतं बघतेय."

बघितलं, आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. उभा अक्ष पडद्याच्या मधोमध! नवं यंत्र हातात आलं की अकरावीची पोरं पहिल्या आठवड्यात हीच चूक करतात. यंत्राची खिडकी, म्हणजे पडद्यावर दिसणारा पट्टा, दुकानातून येते तशीच ठेवतात: वजा दहा ते दहा. यानं उभं बदललं होतं. आडव्याला बोटही लावलं नव्हतं.

"साहेब, डावीकडचा अर्धा पडदा कशाचा?"

"तो... असतो तो."

"असतो? वजा दोन तासांना तापमान काढू?" तिनं रेघेवरचा आकडा दाखवणारं ट्रेसचं बटण दाबलं, वजा दोन भरलं. "शून्याखाली अठरा! म्हणजे जाळ पेटवायच्या दोन तास आधी तुमची राळ गोठली होती. भर उन्हाळ्यात! कोणी फुंकर घातली, तुम्ही?"

कारकून खोकला. खोकलाच असावा.

"अट आठवतेय ना, बाई?" मोठे साहेब म्हणाले.

"आठवतेय. आता मला वजा दहा नको, दहाही नको. बारा हवेत. भिंतीवर बारा लिहिलेत, पडदा दहाला संपतो. उरलेले दोन तास कुठे गेले? या साहेबांच्या खिशात?"

"आकडे काय, कोणीही भरेल," ग्राफसाहेब म्हणाला.

"मग तुम्हीच भरा! यंत्र तुमचं, सूत्र तुमचं, अंगठाही तुमचा."

तिनं कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला.

"भरा," मोठे साहेब म्हणाले.

आडवं: शून्य ते बारा.

त्यानं ग्राफचं बटण दाबलं. जुनं यंत्र, ठिपक्यामागून ठिपका टाकत होतं. चढ. मग सहाव्या तासाच्या आसपास जरा आळसावलेली वाट. आठ. नऊ. दहा, एकशे साठ. अजून ठीक. इथंच आजवर पडदा पडत होता.

ठिपका.
ठिपका, वर.
ठिपका, आणखी वर.

आणि धोक्याच्या रेघेला आरपार भोक.

"छेद काढा," ती म्हणाली. आवाज चढला होता, चढू दे. "कुठे छेदते ते वाचा. मोठ्यानं!"

"अकरा पूर्णांक तीन दशांश," ग्राफसाहेब पुटपुटला.

"अकरा तास अठरा मिनिटं," तिनं मोठ्यानं सांगितलं. "रजिस्टर काय म्हणतं?"

कारकुनानं पान उलटलं. "जाळ सकाळी सहाला. टाकी उतू गेली संध्याकाळी पाच वीसला. म्हणजे अकरा तास वीस मिनिटं."

"बघा सर!" ग्राफसाहेबाला काडीचा आधार सापडला. "दोन मिनिटांचा फरक आहे! सूत्राप्रमाणे नाही झालेलं!"

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले, खाली बघत.

"दोन मिनिटं मी झाकण धरून होतो. कामावरची पोरं बाहेर पडेपर्यंत."

मोठ्या साहेबांनी कारकुनाकडे हात पुढे केला. "तो भिंतीवरचा कागद घेऊन ये. सहीसकट."

कारकून उठला. मुलीनं कॅल्क्युलेटर बंद केला नाही. रेघ तशीच दिसत राहावी म्हणून पडदा ग्राफसाहेबाच्या तोंडासमोर वळवून ठेवला.