चालकाशी बोलू नये

गळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. कुणाला पटत नसेल त्यानं खुशाल त्या बसला जाऊन विचारावं. शेवटच्या स्टॉपवर बापानं ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसून राहिला. उतारू उतरले. त्याच्या पाठीमागच्या सीटवर त्याची लेक होती, ती उतरली नाही. तिनं पिशवीतून छापखान्याचे कागद काढले, मांडीवर सारखे केले आणि पुन्हा पिशवीत घातले. सकाळपासून हाच उद्योग चालला होता.

बाप दमला होता. आजचा नव्हे, जन्माचा. क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा असा करकरायचा, की प्रवाशांना वाटायचं दार उघडतंय आणि ते सामान घेऊन उभे राहायचे. बोलायला त्याच्यात त्राण उरतच नसे. डेपोत त्याला मौनीबाबा म्हणायचे. घरी तो शिंकला, तर शेजारी म्हणत, आज स्वारी फार गप्पांत आहे.

लेकही काही कमी दमली नव्हती. तिचं कवितांचं पहिलं पुस्तक उद्या छापायला जायचं होतं. त्यात बापावरची एक कविता होती, आणि प्रकाशक म्हणाला होता, पुस्तक उभं आहे ते हिच्याच पायावर. पण लेकीनं मनाशी ठरवलं होतं, बापाला ऐकवल्याशिवाय छापायची नाही. तो नको म्हणाला, तर काढून टाकायची. महिनाभर ती घरी संधी बघत होती. घरी तो जेवायचा आणि आडवा व्हायचा. म्हणून आज ती बसमध्येच येऊन बसली, लहानपणच्या जागेवर.

तेव्हा आई दवाखान्यात दुपारपाळीला असायची. शाळा सुटली की पोर बापाच्या बसमध्ये. समोर जाळी, जाळीपलीकडे बापाची मान, आणि मानेच्या वर पाटी: चालकाशी बोलू नये. ती वाचायला शिकली तीच त्या पाटीवर. पोर इतकी शहाणी, की घरीसुद्धा तिनं ती पाटी पाळली.

मागच्या दारानं कंडक्टर डबा उघडतच आत चढला. त्याला सगळे घंटीकाका म्हणत. घंटीची दोरी तो अशी ओढायचा, की दोन गल्ल्यांपलीकडची शाळा सुटायची.

"काय गं, कविता वाचणार होतीस ना? मग वाच की. हा काही विचारायचा नाही, म्हणून मी विचारतो."

"काका, तुम्ही जेवा आधी."

"जेवतोय. कान रिकामेच आहेत."

बापाची मान हलली नाही. पण हात स्टीअरिंगवरून खाली आले. लेकीनं कागद काढले.

"आधी वेगळं लिहिलं होतं," ती त्या मानेला म्हणाली. "बाबा म्हणजे डोंगर. मग बाबा म्हणजे झाड. एकदा छत्रीसुद्धा केली."

"झकास आहे की!" घंटीकाका म्हणाला. "डोंगर काय वाईट आहे?"

"खोटं होतं काका. डोंगरावर चढता तरी येतं. झाडाला टेकता येतं."

घंटीकाकाचा घास गालातच राहिला. लेक वाचायला लागली.

बाबा म्हणजे एक मान.
कॉलरच्या वर दोन घड्या,
मधून घामाची एक नदी.
तिचा उगम पलीकडे कुठेतरी,
जिथे चेहरा असतो म्हणतात.
मी मागे बसून मोठी झाले.
रस्ता वळला, गाव वळलं,
मान वळलीच नाही.

बाहेर कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. बसचं तापलेलं पत्र्याचं अंग टकटक वाजत निवत होतं.

"यात मी कुठाय?" घंटीकाकानं विचारलं.

"तुम्ही नाही काका."

"वा! एवढी वर्षं तिकिटं फाडली, आणि अर्धी ओळ वाट्याला नाही! बरं, माझं जाऊ दे. बापावर कविता, आणि त्यात बापाला नाक नाही, तोंड नाही, नुसती मानगूट?"

"जे दिसलं तेच लिहिलं," लेक म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच कडू लागला.

"घाम फार दाखवलास," बाप म्हणाला.

"असायचा."

"इंजिन तापायचं."

त्याच्या मानानं हे भाषणच झालं. लेक पुढे झुकली, जाळीत बोटं अडकवली.

"बाबा, ठेवू की काढू? एवढंच सांगा. उद्या छापायला जाणार आहे."

बापानं गुडघा चोळला. पायाखालचं फडकं उचललं, काच पुसली, फडकं परत खाली ठेवलं.

"वेळ झाली," तो म्हणाला.

लेक मागे टेकली. राग यावा एवढंही बळ तिच्यात नव्हतं. काढून टाकू, तिनं ठरवलं, डोंगर तरी डोंगर घालू. लहानपणी अशा वेळी ती त्या मानेला वाकुल्या दाखवायची. जाळीला नाक लावून, जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर काढून. रोजचा नेमच होता तो. मानेला काय डोळे असतात? आता तेवढ्यालाही अंगात उत्साह नव्हता. दोनचार माणसं चढली. एक आजोबा दारातच धाप टाकत थांबले.

तेवढ्यात बाप सीटवरून अर्धा उठला, गुडघा करकरला, तसे आजोबा दचकून बाजूला झाले. बापानं हात वर नेला आणि समोरच्या काचेवरचा लांबट आरसा धरून खाली वळवला. जरा डावीकडे. जरा उजवीकडे. मग बसला.

"घ्या!" मागून घंटीकाका ओरडला. "झाला सुरू! अरे, तो आरसा मागच्या दारासाठी असतो की नाही? सरळ कर!"

बापानं इंजिन सुरू केलं.

"ही शाळेत होती तेव्हाही हेच," घंटीकाका आजोबांनाच सांगायला लागला. "आरसा कायम तिरका. मागच्या दारात काय चाललंय ते याला दिसेल तर शपथ! एकदा एक बकरी चढली आजोबा, खिडकीची जागा पकडून बसली, आणि बाजारापर्यंत फुकट गेली. साहेब माझ्यावर ओरडले. मी म्हटलं, आरशाचा स्क्रू ढिला आहे साहेब. आणि गंमत बघा, शाळेला सुट्टी लागली की स्क्रू आपोआप घट्ट! मला वाटायचं, गाडीलाही सुट्टी असते की काय."

आजोबा हसले. लेक हसली नाही. तिनं जाळीतून वर बघितलं, मानेच्या वर, पाटीच्याही वर. तिकडे बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

आरशात दोन डोळे होते. लाल, थकलेले, धुळीनं चुरचुरणारे. ते तिच्याकडेच बघत होते, आणि बघायची सवय असल्यासारखे बघत होते. तिला सगळ्या वाकुल्या एकदम आठवल्या. कान तापले. तिनं पिशवी छातीशी धरली.

मग आरशात डोळ्यांच्या खाली, मिशीच्या आडून, जिभेचं एक टोक बाहेर आलं. क्षणभरच. लगेच आत गेलं, आणि तोंड पुन्हा साहेबासमोर उभं राहिल्यासारखं सरळ झालं.

घंटीकाकानं दोरी ओढली. कुठेतरी एक शाळा सुटली असणार. बस हलली, आणि वळणावर बापाची मान नेहमीसारखीच समोर राहिली, ताठ, दोन घड्यांची, मधून घाम. लेकीनं कागद मांडीवर घेतले, पेन उघडलं, शेवटची ओळ खोडली, आणि घर येईपर्यंत वर बघत राहिली.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करून टाकते. ओळ खोडली, ती माझ्या पदरची भर. पेन तिनं काढलंच नाही. कविता होती तशीच छापली, आणि तिच्यात मान अजून वळत नाही. गाडी चालवताना वळूही नये.

बकरी मात्र खरी. आणि जीभही.