त्या कापसाचं एवढं काय!

मी जांभळ्या उजेडाचा दिवा बोलतोय. पनवेलला त्वचारोगांच्या डॉक्टर विनिता आहेत ना, त्यांच्या दवाखान्यातला. सरळच सांगतो, माझं त्या कापसाशी पटत नाही.

कारखान्यातून मी थर्माकोलच्या गादीत निजून आलो. माझ्यासाठी खोलीचे पडदे ओढतात, ट्यूबलाइट बंद करतात. अंगावरचा डाग माझ्या उजेडात धरला की कोड असेल तर खडूसारखा पांढराशुभ्र चमकतो, शिबं बऱ्याचदा पिवळट दिसतात. लोक "अगबाई!" म्हणतात. आणि कापूस? टेबलावरच्या बरणीत लोळत पडलेला असतो मेला.

मागे एकदा गोदूबाई आल्या. उरणकडच्या कोळीण, इथल्या बाजारात मासळी विकतात. पदराखाली लपवलेला हात त्यांनी बाहेर काढला. मनगटाच्या वर फिकट डाग होता.

"बाजारात सगली कोड कोड बोलतान. गिऱ्हाईक माझ्या हातची कोलंबी घेत नाय. बाजूवाली बोलते, जागा सोड. जागा गेली तर मी करू काय, डॉक्टरबाय?"

कोड? म्हणजे माझंच काम! मी ऐटीत पेटलो. डाग असा पिवळाधमक चमकला की मी हरखूनच गेलो.

"मावशी, हळद लावलीत?"

"रोज लावते ना! कोड पसरत नाय म्हनतान."

हळद माझ्या उजेडात चमकते, त्याला मी काय करू? डॉक्टरांनी ती पुसून काढली. कशाने? कापसाने! मग पुन्हा माझ्या उजेडात बघितलं. आता डाग नुसता फिकट दिसला, पिवळाही नाही आणि खडूसारखा पांढराही नाही.

"कोड वाटत नाही," त्या म्हणाल्या.

हे मी दाखवलं, बरं का, मी! पण त्यांनी मला बंद केलं आणि कापसाचं टोक बोटांनी वळलं. "डोळे मिटा, मावशी. स्पर्श कळला की तिथे बोट ठेवा."

डागाच्या बाहेर गोदूबाईंनी बरोबर बोट ठेवलं. मग कापूस डागावरून फिरला. एकदा, पुन्हा एकदा. त्या डोळे मिटून तशाच बसलेल्या.

"लावा ना," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, डाग बधिर आहे. ही कुष्ठरोगाची सुरुवात आहे. घाबरू नका, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या सुरू झाल्या की दुसऱ्या कुणाला लागतही नाही. मासे कापताना हात जपा. आणि जागा मुळीच सोडायची नाही."

परवा गोदूबाई परत आल्या. गोळ्यांचा कोर्स संपलेला, डाग मावळत आलेला, बाजारातली जागा शाबूत. मी तयारीत होतो. पण पडदे कुणी ओढलेच नाहीत. बरणीचं झाकण मात्र उघडलं.

गोदूबाईंनी डोळे मिटले. कापूस डागावर टेकला.

"कापूस कल्ला! डॉक्टरबाय, कल्ला गो!"

आणि हसता हसता त्यांनी तोच कापूस घेऊन डोळे पुसले.

नंतर तो कचऱ्याच्या डब्यात गेला. मी इथे खिळ्याला, स्वच्छ पुसलेला. तरी माझा जळफळाट काही थांबत नाही. माझा उजेड किती अंगांवर पडला, पण कुणाच्या कातडीला तो कधी कळला नाही. तुम्ही कधी आलात तर डोळे मिटून एकदा, खोटं का होईना, मला 'कळला' म्हणाल का?