देठाची जागा

चिकणमातीचा दगड खाणीतून आला की ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि सावलीत हळूहळू वाळू द्यायचा, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. घाई केली की दगडावरचं जीवाश्म पान पापुद्र्यासारखं सुटतं. आणि तिनं नेमकी घाई केली. हेअर ड्रायर लावला, पान सुटू नये म्हणून वर लाखेचा हात फिरवला. जन्म या कामात गेलेली बाई, पण त्या दिवशी तिनं अक्कल गहाण टाकली होती.

टाकणारच. बाबा दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी नामशेष झालेली एक कुमुदिनी बाबांनी पानांच्या तुकड्यांवरून वेगळी जात म्हणून जगापुढे मांडली होती. तिला त्यांनी आपल्या गेलेल्या बायकोचं नाव दिलं होतं. इतर कुमुदिनींचा देठ पानाच्या कडेपासून आत गेलेल्या खाचेच्या टोकाला जुळतो, हिचा मधोमध, असं ते ठासून सांगत. बाकीचे अभ्यासक हसत, कारण मधला भाग शाबूत असलेलं पान कुणाला मिळालंच नव्हतं. आता मिळालं होतं, पण उताणं. देठाची बाजू दगडात. मागून दगड कोरून ती जागा गाठायची आणि बाबांचे डोळे मिटायच्या आत त्यांना सांगायची, एवढंच तिला हवं होतं.

लाख सुकली आणि अख्खं पान आक्रसून वर उचललं गेलं.

"मेले मी!" ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून, श्वास रोखून तिनं पातळ सुरीनं कडेकडेनं तो पापुद्रा सोडवला. पान लाखेला चिकटून सगळंच्या सगळं निघालं. तिनं ते काचेवर पालथं घातलं.

देठाची जागा लख्ख दिसत होती. खाचेच्या टोकाला. म्हणजे ही आधीच ठाऊक असलेली जात, दुसरं काही नाही.

सुईच्या एका ओरखड्यानं ती खूण पुसली गेली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. तिनं सुई उचललीही. मग परत ठेवून दिली.

"मिळाली का जागा?" ती दवाखान्यात पोचली तसं बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"मिळाली."

"मधोमध ना?"

हो म्हणायला काय जात होतं? "नाही बाबा. टोकाला आहे."

"नीट बघितलंस?"

"दहा वेळा."

बाबांनी डोळे उघडले. "मग ते नाव मागे घ्यायला हवं."

"आईचं?"

"आईचंच. खोटं तिला कधी खपलंय?" ते हसायला गेले आणि ठसका लागला. तिनं घोटभर पाणी पाजलं. "आत्ताच लिही. मी गेल्यावर तुझ्याच्यानं होणार नाही."

तिनं फोन काढला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. आईच्या नावाशी आल्यावर मात्र त्यांचे ओठ नुसतेच हलले.

"एवढं तू लिही," ते म्हणाले. "मला नाही जमत."