फक्त येताना तापणारी गाडी

शनिवारी दुपारी गाडी पुन्हा तापली. बाजाराच्या सिग्नलला काटा लाल पट्टीला टेकला तशी बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बॉनेट उघडायलाही कोणी उतरलं नाही. तीन आठवड्यांत ही आठवी वेळ होती. वीस मिनिटं थांबायचं, हे तिघांनाही पाठ झालं होतं.

मागच्या सीटवर आई आडवी झाली होती. डायलिसिसच्या मशीनवर चार तास काढल्यावर तिला फक्त घरचा पलंग हवा असतो.

"जाताना कशी शहाण्यासारखी जाते," बाबा म्हणाले. "येतानाच हिचं डोकं फिरतं."

"माझ्यावर खापर फोडू नका," आई डोळे न उघडता म्हणाली. "येताना मी अंगातलं दोन किलो पाणी उतरवून आलेली असते."

मंगळवारपासून हॉस्पिटलची व्हॅन लावायची, असं दादाने फोनवर ठरवून टाकलं होतं. ती व्हॅन आठ पेशंट घरोघर सोडत जाते आणि आमचं घर शेवटचं. आई एकदा तिच्यातून आली होती, तेव्हा दीड तासाने पोहोचली आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यातच खाली बसली. आता व्हॅनचा विषय निघाला की ती डोळे मिटून घ्यायची. सोमवारी माझं ऑफिस, म्हणजे हातात एक रविवार उरला होता.

गाडी बावीस वर्षांची. महिन्याभरापूर्वी तिच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळली आणि ती पहिल्यांदा तापली. नवी मोटर बसवली, तरी तापतच राहिली. म्हणजे मूळ दुखणं दुसरंच आहे, असं सगळेच धरून चालले. ज्याला सगळे वस्ताद म्हणतात त्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर धुऊन दिला आणि शेवटी हात टेकले. "ताई, हिला आता पेन्शन द्या," म्हणाला.

मी प्रत्येक फेरी वहीत लिहीत होते. सकाळी, मोकळा रस्ता: काटा मध्यावर. दुपारी, बाजारातून: लाल. एकदा बाजार बंद होता, त्या दिवशी येतानाही मध्यावर.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मी वही बाबांपुढे धरली. "गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो. थांबली की वाऱ्याचं काम पंख्याकडे जातं. आणि ती थांबल्यावरच तापते."

"पंखा फिरतोय," बाबा म्हणाले. "मी स्वतः बसवलाय."

तिथेच सगळ्यांची चौकशी थांबत होती. बाबांनी अडतीस वर्षं घरांची वायरिंग केली. नव्या मोटरचा प्लग जुन्यात बसेना, तेव्हा त्यांनी तारा कापून जोडून दिल्या होत्या. त्यांच्या जोडावर शंका घ्यायचं आमच्या घरात कोणाला सुचत नाही. वस्तादानेही पंखा फिरताना बघितला आणि पुढे गेला.

"एकदा कागद लावून बघू?"

"लाव बाई. तुझं समाधान होऊ दे."

बाबांनी गाडीत बसून इंजिन चालू केलं. दहा मिनिटांनी काटा चढला आणि पंखा घरघरला. पंखा रेडिएटरच्या मागे असतो. त्याने बाहेरची हवा आत ओढायला हवी. मी वहीचं पान फाडून समोरच्या जाळीवर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते उडून माझ्या हनुवटीवर आपटलं.

बाबा खाली उतरले. जाळीसमोर तळहात धरून उभे राहिले. गरम हवा बाहेर येत होती. मग माझ्या हातातलं पान घेऊन त्यांनी स्वतः लावलं. ते पुन्हा उडालं.

"उलटा फिरतोय," मी म्हणाले. जरा हळू म्हणायला हवं होतं.

ते म्हणाले, "घरच्या पंख्याला दोन तारा कशाही जोड, तो एकाच बाजूला फिरतो."

"हो. घरातला करंट स्वतःच दिशा बदलत असतो."

"आणि बॅटरीचा नाही. माहीत होतं गं मला. माहीत होतं."

दोन्ही तारा काळ्या होत्या, एकीवर पांढरी बारीक रेघ. ती रेघ बघायची त्यांच्या हातांना कधी गरजच पडली नव्हती.

त्यांनी बॅटरीची तार काढली आणि आपलाच जोड सोडवायला बसले. टेप इतकी घट्ट गुंडाळलेली की नख शिरेना. "इतकं पक्कं कशाला करतात लोक," ते स्वतःवरच करवादले. तारा अदलाबदल केल्या. या वेळी पान जाळीला चिकटून बसलं. बाबा हसले नाहीत. "तीन आठवडे तुझ्या आईला रस्त्यावर बसवलं मी," एवढंच म्हणाले.

भर दुपारी बाजारातून तीन चकरा मारल्या. सिग्नलला काटा मध्याच्या जरा वर जायचा, पंखा लागायचा, काटा खाली यायचा. तिसऱ्या चकरेनंतरही त्यांना अजून एक मारायची होती.

घरी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "काय निघालं?"

पंख्यात दोष होता म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी बाबांकडे पाहिलं.

"माझी चूक निघाली," बाबा दारातूनच म्हणाले. "मी तारा उलट्या जोडल्या होत्या."

आईने कूस बदलून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे व्हॅन नको ना?"

"नको."

"मग झालं," म्हणून ती पुन्हा भिंतीकडे वळली. बाबा तिथेच उभे होते, हात अजून काळे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, जाताना पडदा ओढा. ऊन येतंय."