राखेने घासलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. डहाणूच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. हाताळून हाताळून माझी काच धुरकट झाली आहे. बघणाऱ्याला मी मळकी वाटते, पण आम्लाने धुतल्याशिवाय मला कोणी वापरत नाही.

झरी गावची सुनिता एम.एस्सी. झाली. तिला खाडीच्या पाण्यावर संशोधन करायचे होते. प्रयोगशाळेचे प्रमुख शैलेश सर म्हणाले, "आधी धाकटी डहाणूच्या खाडीचं पाणी आण. काम जमलं तर संशोधनाची जागा तुझी." सकाळी लवकर निघायचे, म्हणून सुनिताने आम्हा बाटल्यांना आदल्या दिवशीच धुऊन घरी नेले.

पाण्यात फॉस्फेट नावाचा क्षार असला की रसायन घातल्यावर ते निळे होते. जास्त असेल तितका रंग गडद. सुनिताने खाडीचे पाणी आणून प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा माझ्या बहिणींमधले पाणी फिकट निळे झाले, माझ्यातले गडद.

"अगं, हे मोठंच सापडलं!" सर खूश झाले. मीही फुगले. सुनिता मात्र माझ्याकडे बघत राहिली, कारण मी एकटीच लखलखत होते.

घरी तिने आईला विचारले.

"मीच घासली राखेनं," तिची आई काळी म्हणाली. "तशी मळकी घेऊन मोठ्या लोकांत जाशील? नावं ठेवतील तुला."

दुसऱ्या दिवशी सुनिताने माझ्यात शुद्ध पाणी भरून तपासले. तेही निळे झाले. राखेतले फॉस्फेट माझ्या बुचात चिकटून राहिले होते.

ती गप्प बसली असती तर कोणाला कळले असते? मला कळले असते, पण मला कोण विचारतो!  पण ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, तो आकडा खोटा आहे. बाटलीत राख होती."

सरांनी वहीतला तो आकडा खोडला. मग म्हणाले, "हिला नीट धू आणि परत जा खाडीवर. जागा तुझीच."

त्या दिवशी ही मुलगी मला मनापासून आवडली.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर हात लावण्याआधी विचारा, मी कशासाठी आहे. सुनिताने आईला न रागावता सगळे समजावले, तेव्हा काळीचा चेहरा पार उतरला होता. आता मी घरी आले की ती मला उंच फळीवर ठेवते. परवा शेजारची शुक्री मला घासायला निघाली, तर काळी धावत आली.

"ठेव ती खाली! मळकीच बरी. माझ्या पोरीचं काम आहे तिच्यात."