जुनोला रस्ता नाही

मोहनरावांच्या परतीच्या विमानाला आठ दिवस उरले होते. जर्मनीत, मुलाच्या हॅनोव्हरच्या स्वयंपाकघरात, टेबलावर, मिठाच्या बरणीखाली मुखत्यारपत्र तसंच पडून होतं. एक सही झाली की त्यांचं गावाकडचं, खाडीपलीकडचं दोन खोल्यांचं घर विकायचं आणि पुण्यात, विमानतळाजवळ, फ्लॅट घ्यायचा.

"बाबा, विमान, टॅक्सी, एसटी, वर लाँच! दीड दिवस जातो हो तुमच्यापर्यंत पोचायला," शिरीष म्हणायचा.

"खरंय रे," मोहनराव म्हणायचे. सही मात्र करत नव्हते.

त्यांच्या नातीच्या, क्षितिजाच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती. विषय अलास्काच्या राजधानीचा. जुनो गाव डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यात बसलंय. तिथे रस्त्यानं जाताच येत नाही. बोट, नाही तर विमान. तर राजधानी तिथून हलवावी की नाही? कुणी कुठली बाजू मांडायची ते ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरणार होतं.

क्षितिजाला राजधानी हलवायचीच होती. शनिवारी दुपारी, शिरीष बाजारात गेला असताना, तिनं आजोबांना समोर बसवलं.

"आल्झो, म्हणजे बघा आजोबा, लोक सगळे तिकडे, सरकार इकडे. धुकं आलं की विमान नाही. काम कसं होणार?"

"अगदी बरोबर."

"नाइन, नाही! तुम्ही भांडायचं माझ्याशी."

मोहनराव हसले. चौतीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली होती. "आमची कचेरीही अशीच, लाँचशिवाय वाट नाही. माणसं शिव्या घालतच यायची. पण शेवटची लाँच चुकली की अर्जदार आमच्या ओटीवर. तुझी आजी पिठलं टाकायची. सकाळपर्यंत कळायचं, कुणाचा बांध कोरला, कुणाची लेक नांदत नाही. मग कचेरी हायवेला नेली. सोय झाली, नाही कसं म्हणू? पण आता माणूस दहा मिनिटांत येऊन जातो. अर्ज पोचतो गं, माणूस पोचत नाही."

"आजी काय म्हणायची?"

"ती कुठे वाद घालणार! दळताना म्हणायची,

लांबचं गं माहेर, त्याला म्हणू नये दूर,
वाटेनं दमती पाय, दारी निवतो गं ऊर."

"बाबा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं," शेगडीपाशी उभी असलेली सून नीता म्हणाली. "ती बरणी द्या बघू इकडे."

बरणी उचलली तसा खालचा कागद वाऱ्यानं फडफडला. मोहनरावांनी त्यावर हात ठेवला.

स्पर्धेच्या दिवशी क्षितिजाला चिठ्ठी आली ती 'हलवू नये'ची. तिचा चेहरा पडला. मग तिनं प्रेक्षकांत बसलेल्या आजोबांकडे पाहिलं आणि बोलू लागली. जर्मन त्यांना कळेना, म्हणून शिरीष कानाशी वाकून मराठीत सांगत होता.

"म्हणते, धुक्यानं विमान अडलं की आमदारही गावात अडकतात. दुकानात, रस्त्यात लोकांना भेटतात. म्हणते, जिथे पोचायला वेळ लागतो, तिथून कुणी लगेच उठत नाही..."

"पुढे?"

"म्हणते, लांबच्या घराला दूर म्हणू नये. चालून पाय दमतात, पण दारात..."

जर्मनमधलं ते साधंसं वाक्य मराठीत आणताना शिरीषच्या ओठांवर आईची ओवीच आली होती.

"दारी निवतो गं ऊर," मोहनरावांनी हलकेच पुरं केलं.

टाळ्या झाल्या. क्षितिजा दुसरी आली आणि पहिल्या आलेल्या मुलावर घरी निघेपर्यंत चिडलेली होती.

ट्रामच्या थांब्यावर शिरीषनं रुळांकडे बघतच विषय काढला.

"बाबा, तो कागद राहू द्या."

मोहनरावांनी लेकाची कॉलर उगाच नीट केली.

"शेवटची लाँच हल्ली कितीला असते?" शिरीषनं विचारलं.

"सव्वासहाला. का रे?"

"सुटीत येतो आम्ही सगळे."

"आणि ती चुकली तर?" क्षितिजानं विचारलं.

"मग राहायचं," शिरीष म्हणाला.