तिसरी विनंती

आरतीने माऊसचं बटण इतक्या जोरात दाबलं, की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघू लागला. नोकरीच्या साइटवर तेच नाव तिसऱ्यांदा आलं होतं. संजीव दळवी, प्लांट मॅनेजर. त्याला तिच्याशी ओळख जोडायची होती. आधीच्या दोन विनंत्या तिने न उघडताच पुसून टाकल्या होत्या.

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोरच्या या सायबर कॅफेत ती नोकरी शोधायला यायची. एमआयडीसीतल्या कारखान्याची लॅब सोडून तिला सात महिने झाले होते.

"ओळखीचे असतील तर घ्या ना ॲड करून," कॅफेवाला अक्षय मागून म्हणाला. "अशानंच कामं होतात, ताई."

"ओळखते म्हणूनच नाय घेत!"

तिचा चढलेला आवाज ऐकून अक्षय काउंटरकडे गेला.

दळवीने लॅबच्या स्टोअररूममध्ये तिचा हात धरून ठेवला होता. तिने लेखी तक्रार केली. चौकशीत तो म्हणाला, 'मी त्या दिवशी स्टोअरमध्ये गेलोच नाही.' मग साहेबलोकांनी माफीपत्र मागितलं ते आरतीकडे. तिने राजीनामा लिहून दिला.

ती विनंती पुसणार, तोच नावाखालची बारीक ओळ तिला दिसली. दोघांच्याही ओळखीचं माणूस: वैष्णवी. टोकावड्याची वैष्णवी, कॉलेजात तिच्या मागे दोन वर्षं. आरतीच्याच रिकाम्या जागेवर लागलेली.

आरतीने बाहेर येऊन फोन लावला.

"वैष्णवी, दळवी तुला स्टोअरमध्ये एकटीला बोलवतो का गो?"

पलीकडची यंत्रांची घरघर दूर गेली, दार लागल्याचा आवाज आला.

"ताई," वैष्णवी अगदी हळू म्हणाली, "घरी कळलं तर मला कामाला पाठवणार नाय."

आरती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "सुटलीस की स्टँडवर उतर. मी हाय इथं."

आत येऊन तिने दळवीच्या विनंतीसोबतचा मजकूर पहिल्यांदाच उघडला.

'त्या दिवशी स्टोअरमध्ये माझ्याकडून जे झालं, ते विसरून जा. तुमच्यासाठी चांगली जागा आहे.' खाली नाव, हुद्दा, तारीख.

तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवत, एकेक शब्द.

"अक्षय," तिने हाक मारली, "प्रिंटर चालू हाय ना? ह्याच्या दोन प्रती काढ."